वयात येणं वेगळं, विशी वेगळी

माझी धाकटी बहीण 24 वर्षांची आहे, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत नोकरी करते. मागच्या रविवारी मिसळ खाऊन घरी आलो आणि 'शाळा' सिनेमा पुन्हा लावला. संपल्यावर ती म्हणाली, "छानच आहे रे दादा, पण हा माझा नाही. माझं खरं तर याच्यानंतर सुरू झालं."

तिचं बरोबर आहे. 'तरुणाईचा सिनेमा' म्हणून आपण दोन गोष्टींची सरमिसळ करतो.

'शाळा'तला जोशी आणीबाणीच्या काळात नववीत आहे. घंटा, परीक्षा, घरच्यांचा धाक, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. त्याला आवडणारी शिरोडकर निघून जाते तेव्हा तो काहीच करू शकत नाही, कारण काही करण्याचा अधिकारच अजून त्याच्या हातात आलेला नाही. ही वयात येण्याची गोष्ट. जग कसं आहे हे पहिल्यांदा कळतं आणि तिथेच ती थांबते.

विशीत जग बऱ्यापैकी कळलेलं असतं. अडचण अशी की घंटा वाजवायला कुणी उरत नाही. 2015च्या 'दिल दोस्ती दुनियादारी' मालिकेत सहा जण 'माजघर' नावाच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. रोज उठून आपलं आपण ठरवायचं, आणि चुकलं तर ते निस्तरायचंही आपणच.

'वेक अप सिड'मध्ये (2009) या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. नापास झालेला, बापाशी भांडून घराबाहेर पडलेला सिड वयानं मोठा असला तरी त्याची गोष्ट वयात येण्याचीच. कोलकात्याहून मुंबईत येऊन खोली भाड्यानं घेणारी, नोकरी शोधणारी आयेशा मात्र पक्की विशीतली. मला दर वेळी तिचीच गोष्ट जास्त पाहावीशी वाटते.

पण हा फरक सगळ्यात लख्ख दिसतो तो 'सैराट'मध्ये. पूर्वार्धात विहीर, शेत, चोरून पाहणं. हैदराबादला पोचल्यावर सिनेमाचा श्वासच बदलतो. झोपडपट्टीतली खोली, परकी भाषा, पाटलांच्या घरात वाढलेली आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला, परश्या डोशाच्या गाडीवर. मग संशय, भांडण, तिचं निघून जाणं आणि परत येणं. अनेकांना हा भाग संथ वाटला. मला तो या सिनेमाचा कणा वाटतो. प्रेम जमणं ही पहिली गोष्ट. दिवसभर राबून आल्यावर त्याच माणसाशी नीट बोलता येणं ही दुसरी. त्या दोघांनी ती दुसरी गोष्ट शिकून घेतली होती, म्हणून शेवट इतका जिव्हारी लागतो.

एक गैरसमज मात्र या मालिका-सिनेमांनीच रुजवलाय, की विशी म्हणजे घर सोडून मुंबई गाठणं. नाशिकमध्ये कितीतरी जणांची विशी आईवडिलांच्याच घरात जाते. म्हणूनच 'मुरांबा' (2017) मला जवळचा. त्यातला आलोक ब्रेकअप झाल्याचं घरी सांगतो आणि आईबाबा त्या प्रश्नात उतरतात. कुणी हाकलत नाही, कुणी पळून जात नाही; तरी मुलाला स्वतःकडे बघावंच लागतं.

बहिणीला मी तो लावून दिला. आलोक आईबाबांना सांगतो त्या प्रसंगाला तिनं सिनेमा थांबवला, स्वयंपाकघरात आई होती तिकडे एकदा पाहिलं, आणि आवाज थोडा कमी करून पुन्हा सुरू केला.