संकर: दूध-पाणी की तीळ-तांदूळ?

वऱ्हाडातल्या खेड्यात ‘हायब्रीड’ म्हटलं की ज्वारीच समजतात. मका संकरित असतो, वांगं संकरित असतं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तर जवळपास सगळीच संकरित. पण ‘औंदा हायब्रीड किती पेरली?’ या प्रश्नाचं उत्तर ज्वारीच्या एकरांतच मिळतं. ती आधी आली, म्हणून नाव तिला चिकटलं. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारी वाण प्रसारित झाला. लगेच दुष्काळाची वर्षं आली, आणि मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते म्हणाल्याचं आमच्याकडे अजून सांगतात. हायब्रीडचा प्रचार त्या ईर्ष्येने झाला. ज्वारी बुटकी, लवकर येणारी, कणीस गच्च. पिकलीही भरपूर. पण काढणीच्या तोंडावर पाऊस लागला की गच्च कणसात दाणा काळा पडायचा, भाकरीला चव नसायची, आणि ताटच बुटकं म्हटल्यावर बैलांना कडबा कुठून पुरणार?

त्या काळ्या दाण्यातून शब्दाला दुसरा अर्थ फुटला. आजी म्हणायची, “पयलेचे मानसं गावरानी होते, आताचे समदे हायब्रीड.” म्हणजे दिसायला भरलेलं, आतून दम नसलेलं.

गंमत अशी की ‘हायब्रीड’ला नाक मुरडणारी आजी काही पहिली नव्हती. संस्कृतातला ‘संकर’ तर जन्मापासून बदनाम. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन युद्ध नको म्हणताना जी कारणं देतो त्यात वर्णसंकराची भीती आहे. संकर नरकालाच नेतो, असं तो म्हणतो. धर्मशास्त्रांनी हा शब्द जातींच्या उतरंडीची राखण करायला वापरला. लॅटिनमध्येही तऱ्हा तीच. ‘हिब्रिडा’ म्हणजे पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांचं पिल्लू. पुढे रोमन बाप आणि परदेशी आई यांच्या लेकरालाही तोच शब्द लावला गेला. ज्या रानडुकरांनी आमची रात्रीची झोप उडवली, त्यांचं रक्त या शब्दात आहे हे कळलं तेव्हा मला हसू आवरेना.

व्युत्पत्ती मात्र निरागस आहे. सम् आणि कॄ, म्हणजे एकत्र ओतणं, पसरणं. ‘संकीर्ण’ त्याच धातूचा. महादेवाचा ‘शंकर’ वेगळा, पण कापसाच्या बाजाराने हा भेद ठेवला नाही: गुजरातच्या ‘संकर-६’ कापसाच्या गाठी व्यापारात ‘शंकर-६’ म्हणून विकल्या जातात.

संकराची बदनामी न करता त्याचा नीट विचार केला तो अलंकारशास्त्राने. एका श्लोकात दोन अलंकार आले तर त्यांचं नातं काय? शास्त्रकार दोन प्रकार सांगतात. तीळ आणि तांदूळ मिसळले तर निवडून वेगळे करता येतात, ती संसृष्टी. दूध आणि पाणी मिसळलं तर वेगळं करता येत नाही, तो संकर. माझ्या मते पुढच्या सगळ्या विज्ञानाला हीच कसोटी लावून पाहावी.

रसायनशास्त्र या कसोटीला उतरतं. मिथेनमधला कार्बन हायड्रोजनशी चार सारखेच बंध कसे करतो, हे कोडं लायनस पॉलिंगने १९३१ मध्ये सोडवलं: एक एस आणि तीन पी कक्षक, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन तऱ्हांच्या जागा, मिसळून चार एकसारखे कक्षक तयार होतात. याला मराठी परिभाषेत संकरण म्हणतात. त्या चारांत एस कोणता आणि पी कोणता, हे विचारण्यात अर्थ नाही. अगदी दूध-पाणी.

आणि कापूस?

१९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी एच-४ आणला. व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातला पहिला संकरित कापूस. ज्वारीच्या बीजोत्पादनात नर आणि मादीच्या ओळी पेरल्या की पुढचं काम वारा करतो. कापसाला माणसाची बोटं लागतात. उद्या उमलणारी कळी दुपारी ओळखायची, अंगठ्याचं नख बुडाशी रुतवून पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी फिरवून उपटायची, उरलेल्या नाजूक काडीला धक्का लागू द्यायचा नाही. सकाळी नर फूल तोडून त्या काडीवर घासायचं. एका नर फुलात चार-पाच कळ्या. खुणेला देठाला दोरा. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात, आणि ते करणाऱ्या बहुतेक बाया नि पोरी. एका पाकिटातल्या सरकीमागे अशी किती नखं झिजली असतील, ते पाकिटावर छापलेलं नसतं.

आमच्या बाबांनी एका वर्षी चांगल्या आलेल्या संकरित कापसाची सरकी राखून पुढच्या मृगात लावली. कडुनिंबाचा पाला घालून पोतं जपलं होतं. झाडं उगवली, पण एक कमरेला तर शेजारचं छातीला. एकाची बोंडं टपोरी, दुसऱ्याची बोराएवढी. वेचणीला महिन्याचा फरक. बाबांना वाटलं सरकीला ओल लागली. ओल नव्हती. ती दुसरी पिढी होती.

हे का होतं ते ग्रेगोर मेंडेलने १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात आहे, आणि त्याच्या शीर्षकातच वनस्पतींचे संकर आहेत. उंच आणि बुटका वाटाणा एकत्र केला तर पहिली पिढी सगळी उंच. बुटकेपण विरघळून गेलं असं वाटतं. पण पुढच्या पिढीत चारातला एक पुन्हा बुटका निघतो. म्हणजे दोन्ही गुण आत सुटे पडून होते. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर आपला संकरित कापूस संकर नाहीच. ती संसृष्टी आहे, तीळ-तांदूळ. पहिल्या पिढीत दिसणारा जोम खरा, पण बी राखलं की निसर्ग निवडायला बसतो.

गाईचं थोडं वेगळं. जर्सी किंवा होल्स्टीनच्या संकराने दूध वाढलं, पण गोऱ्ह्याला वशिंडच नीट येत नाही, जू टेकणार कुठे? ज्यांनी वर्ध्याकडचा गवळाऊ बैल पाहिलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि ‘संकर’ शब्द पाकिटाच्या कोपऱ्यात गेला. आता शेतकरी म्हणतो, बीटीचं बी घरी ठेवता येत नाही. बिचाऱ्या जनुकावर उगाच आळ. अमेरिका, ऑस्ट्रेलियात तेच जनुक सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत घातलेलं आहे. तिथे बी राखण्याच्या आड येतो तो कंपनीशी केलेला करार. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखण्याचा हक्क दिला, पण जनुक संकरित वाणांत आलं, आणि आड येते ती बाबांना भेटलेली दुसरी पिढी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सरळ बीटी वाणही काढले आहेत.

गेल्या मृगाच्या आधी तालुक्याच्या कृषी केंद्रात मी विचारलं, “सरळ वाण आहे का कपाशीचं?” काउंटरवरच्या पोराने मागच्या फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काका, हे ‘सरळ’ कोन्त्या कंपनीचं हाय?”