विळ्याआधीचा एक सेकंद

मे महिना लागला की विदर्भातल्या दवाखान्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पोराचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे पडलेत, अंगात त्राण नाही. घरच्यांचं निदान तोवर झालेलं असतं. कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं कावीळ झाली, कुणी म्हणतं रक्त कमी आहे, बीट खाऊ घाला आणि लोहाच्या गोळ्या सुरू करा. यातल्या काही मुलांना सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असतो. ज्यांना हे नाव ठाऊक आहे, त्यांच्याही डोक्यात पाठ्यपुस्तकातलं एकच चित्र असतं : पेशी विळ्यासारखी वाकडी, म्हणून ती अडकते.

हे चित्र अर्धवट आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या फुफ्फुसातून ताजा ऑक्सिजन घेऊन निघालेल्या बहुतेक पेशी गोलच असतात. विळा पुढे वाटेत तयार होतो, आणि तो नेमका कधी तयार होतो यावर सगळं अवलंबून असतं.

लाल रक्तपेशी ही मुळातच और चीज आहे. अस्थिमज्जेत घडताना ती स्वतःचं केंद्रक बाहेर टाकते, तंतुकणिकाही ठेवत नाही. उरतं ते मुख्यतः हिमोग्लोबिन, एका पेशीत साधारण २७ कोटी रेणू. पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, आणि तिला जायचं असतं त्याहून अरुंद केशवाहिन्यांतून. पटलाखाली स्पेक्ट्रिन या प्रथिनाची लवचीक जाळी असते, म्हणून ती दुमडून पलीकडे जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. हे ती जवळजवळ १२० दिवस करत राहते. मात्र आतलं हिमोग्लोबिन द्रवरूपात राहिलं तरच ही लवचीकता टिकते.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावं बदललेलं असतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. हे १९५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी दाखवून दिलं. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, ते पाण्यात खूश असतं. व्हॅलिनला पाणी नकोसं असतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक छोटी खाच उघडी पडते. व्हॅलिन बरोबर त्या खाचेत जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत जातात आणि १४ सरींचा पिळदार, ताठ तंतू तयार होतो. असे तंतू वाढले की पेशीला आतून ताणून वाकडी करतात.

आता माझा आवडता भाग. ऑक्सिजन सुटला की तंतू लगेच तयार होत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळं घट्ट होतं. खडीसाखरेचा पाक आठवा : पहिला कण धरेपर्यंत वेळ जातो, एकदा धरला की त्यावर भराभर थर चढतात. हिमोग्लोबिनचंही तसंच आहे. सुरुवातीला जुळलेले चार-पाच रेणू पुन्हा सुटून जातात. नशिबानं एखादा गठ्ठा पुरेसा मोठा झाला, तरच तो टिकतो. आणि एक तंतू उभा राहिला की त्याच्याच अंगावर नवे तंतू फुटू लागतात. या आधीच्या थांबलेल्या वेळाला विलंबकाळ म्हणू या. पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदात बाहेर पडते. विलंबकाळ त्याहून मोठा असेल, तर ती तंतू होण्याआधीच अरुंद भागातून निसटते, फुफ्फुसात पोचते, ऑक्सिजन घेते आणि जुळू पाहणारे रेणू सुटे होतात. बहुतेक पेशी अशाच वाचतात. सगळी शर्यत त्या एका सेकंदाशी आहे.

हा विलंबकाळ कशावर ठरतो? मुख्यतः पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर. १९७४ मध्ये अमेरिकेत हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हे मोजलं, तेव्हा थक्क करणारा आकडा आला : विलंबकाळ संहतीच्या, म्हणजे या दाटपणाच्या, जवळपास तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. वर्ग नाही, घन नाही, तिसावा घात! गणित करून पाहा. संहती फक्त ५ टक्के वाढली, तर १.०५ चा तिसावा घात ४.३ येतो, म्हणजे हाताशी असलेला वेळ एक चतुर्थांशाहूनही कमी उरतो. रसायनशास्त्रात इतकी तीव्र अवलंबिता क्वचितच दिसते.

हे समजलं की नागपूरच्या उन्हाचा संबंध उलगडतो. नवतप्यात घाम गळतो, शरीरातलं पाणी कमी होतं, पेशीतलंही थोडं जातं आणि हिमोग्लोबिन दाट होतं. इथे मूत्रपिंड आणखी घात करतं. त्याच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त, म्हणून तिथे पेशी सहज विळा धरतात आणि लहान वयातच त्या ऊतीचं नुकसान होतं. मग लघवी दाट करून पाणी वाचवण्याची ताकदच जाते. उन्हात तहानलेला असतानाही रुग्ण भरपूर लघवी करतो. त्याला वारंवार पाणी प्यायला सांगतात, वर्गातून लघवीला जायची मुभा द्या म्हणतात, ते याचसाठी.

पेशी स्वतःही पाणी गमावते. दर वेळी विळा धरताना तिच्या पटलातून कॅल्शियम आत शिरतं, त्यामुळे गार्डोस नावाची वाहिनी उघडते, पोटॅशियम बाहेर जातं आणि त्यामागे पाणी. म्हणजे एकदा वाकडी झालेली पेशी पुढच्या वेळी आणखी लवकर वाकडी होते. शेवटी काही पेशी ऑक्सिजन मिळूनही सरळ होत नाहीत.

रक्तवाहिनीच्या आतलं अस्तरही यात सामील आहे. ताप किंवा संसर्ग असला की अंतःस्तराच्या पेशींवर चिकट प्रथिनं वर येतात, जाणाऱ्या लाल पेशी तिथे रेंगाळतात, सेकंदाचे दोन-तीन सेकंद होतात आणि शर्यत हरते. मागून येणाऱ्या पेशी अडतात, पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. तीच ती जीवघेणी कळ.

पिवळ्या डोळ्यांचं कारणही इथेच. या पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन तयार होतं. आपल्याकडे मात्र अशा मुलाला कावीळ उतरवायला नेतात. हाताला सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात धुतला की पाणी पिवळं होतं आणि सगळ्यांना वाटतं कावीळ निघाली. तो रंग सालीतल्या द्रव्याचा आणि चुन्याचा असतो. पाण्यात धुतलेल्या हातातून बिलिरुबिन कधीच बाहेर येत नाही. या खेळात जे दोन दिवस जातात, त्यात प्लीहेत अचानक रक्त साचून लहान मूल दगावू शकतं. याचा मला मनापासून संताप येतो. लोहाच्या गोळ्यांचंही तेच : इथे रक्त कमी होतं ते पेशी फुटल्यामुळे, लोहाअभावी नव्हे. तपासणीत लोहाची कमतरता निघाली तरच त्या द्याव्यात.

एएस पॅटर्नच्या, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक मिळालेल्या माणसाला सहसा काही होत नाही, कारण त्याच्या प्रत्येक पेशीत अर्ध्याहून अधिक हिमोग्लोबिन नेहमीचं असतं आणि विलंबकाळ खूप लांबतो. पण आईवडील दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे दोघांकडूनही ते जनुक मिळालेलं आणि आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के. शिबिरात करतात ती सोल्युबिलिटी चाचणी सोपी आहे : नळीतला द्राव गढूळ झाला आणि मागच्या कार्डावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, की रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचं बदललेलं हिमोग्लोबिन, आहे. एएस की एसएस हे मात्र त्यावरून कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते.

एसएस बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं, कारण त्याच्याकडे गर्भातलं हिमोग्लोबिन एफ असतं आणि ते तंतूत नीट जोडलं जात नाही. विदर्भातल्या अनेक रुग्णांत हे एफ मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं. पण तेवढ्यावरून इथला आजार सौम्यच, असं कुणी धरून चालू नये. इथेही मुलं पुन्हा पुन्हा भरती होतात. हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, गोळीतलं औषध एफ वाढवतं, आणि रक्ताच्या नियमित तपासण्यांसह ते वर्षानुवर्षं घेता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचारही एफचंच बंद पडलेलं उत्पादन सुरू करतो. त्यावरून ‘सिकलसेल संपला’ असे मेसेज फिरले. त्यात एवढं लिहायचं राहून गेलं की मंजुरीच्या वेळी त्याची किंमत तिथे २२ लाख डॉलर होती आणि संपादित पेशी परत सोडण्याआधी रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा केमोथेरपीनं रिकामी करावी लागते.