ऑइल प्रेशर, जुन्या स्पोर्ट्स कारचे (बेळगाव सीमाभाग)

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनात तेलाच्या वाटांमध्ये टिकून राहणारा दाब, आणि तो पडला की कारण शोधून करायची दुरुस्ती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मिस्त्री मराठी बोलणारा असो वा कन्नड, शब्द 'प्रेशर' हाच असतो आणि मोजमाप 'पौंडा'त, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड. काही गेजांवर किलोचे आकडे असतात. ढोबळमानाने चौदा पौंडांचा एक किलो.

ब्रिटिश स्पोर्ट्स कार सीमाभागात मोजक्याच. तरी त्यांचे इंजिन इथल्या मिस्त्रीला परके नाही. एमजीए (१९५५) आणि एमजीबी (१९६२) या दोन्ही गाड्यांची नेहमीची इंजिने बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातली. पहिल्या एमजीएत ते १४८९ सीसीचे होते, एमजीबीत १७९८ सीसीचे झाले. आपल्या ॲम्बॅसिडरच्या बॉनेटखाली अनेक वर्षे होते ते पेट्रोल इंजिनही याच घराण्यातले, १४८९ सीसीचे. ज्याने टॅक्सीच्या आणि सरकारी ॲम्बॅसिडर बांधल्या, त्याला एमजीचे इंजिन उघडल्यावर ओळखीचे घर दिसते. ट्रायम्फ स्पिटफायर आणि मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड यांचेही नाते असेच. मात्र नाते आहे म्हणून पार्ट बसेलच असे नाही. ॲम्बॅसिडरचा क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) तीन मेन बेअरिंगांचा, म्हणजे ब्लॉकमध्ये तीन ठिकाणी टेकलेला, तर एमजीबीचा १९६४ च्या अखेरीपासून पाच बेअरिंगांचा झाला.

तेलाचा पंपच प्रेशर तयार करतो, हा समज फार रुजलेला आहे. पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला बेअरिंगच्या अरुंद फटीतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, तोच गेजवर प्रेशर म्हणून दिसतो. फट वाढली की तेल सहज निसटते, आणि किती सहज, हे चटकन पटत नाही : गळतीचे प्रमाण फटीच्या घनाप्रमाणे वाढते. फट दीडपट झाली तर तेल सव्वातीनपटीहून जास्त जाते, दुप्पट झाली तर आठपट. म्हणून झिजलेल्या इंजिनात नवा पंप टाकून गेजचा काटा थोडा वर येतो आणि मालकाचे पैसे तेवढे जातात.

एमजीबीच्या कारखाना-पुस्तिकेप्रमाणे गरम इंजिन रस्त्यावर चालताना ५० ते ८० पौंड आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) १० ते २५ पौंड अपेक्षित आहेत. सिग्नलला उभे असताना काटा पंधरावर आलेला बघून घाबरणारे मालक असतात. त्या आकड्यात घाबरण्यासारखे काही नाही. थंड इंजिनाचा आकडा सांगून तर काहीच कळत नाही. गरम तेलावर, आयडलला आणि साधारण ३००० आरपीएमला असे दोन आकडे लिहून ठेवले की बोलणे सुरू करता येते. आयडलला कमी पण वेगात बरे, असे दिसले तर संशय फटींवर. दोन्हीकडे कमी असेल तर फटींबरोबर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप), पंप आणि चेंबरमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) जाळीही संशयात येते. काटा मध्येच शून्याला टेकून परत येत असेल, विशेषतः वळणावर, तर आधी तेलाची काडी ओढून तेल किती आहे ते पाहावे.

तपास बाहेरून आत जातो, आणि पहिली पायरी गेज. साठ वर्षांच्या गेजचा काटा खरे बोलतो असे धरून इंजिन उतरवणे हा महागडा विश्वास. डॅशबोर्डवरच्या गेजची नळी सोडून तिथे चांगला यांत्रिक गेज जोडायचा. हायड्रॉलिकचे काम करणाऱ्यांकडे तो असतोच, आणि बेळगावात ते काम करणारे पुष्कळ आहेत. त्यानंतर तेल. काडीवरच्या तेलाला पेट्रोलचा वास आला तर ते पातळ झाले आहे. डायफ्रॅमचा यांत्रिक पेट्रोल पंप ब्लॉकवर बसतो अशा इंजिनात डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालणारा आणि मागच्या बाजूला असतो, तिथे कार्ब्युरेटरची अडकलेली फ्लोट नीडल (पेट्रोल थांबवणारी सुई) बघावी. तेलाची जातही महत्त्वाची. ही इंजिने २०डब्ल्यू-५० साठी आहेत. १०० अंश सेल्सिअसला ५० ग्रेडचे तेल १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स इतके दाट राहते, ३० ग्रेडचे ९.३ ते १२.५. नव्या गाडीचे महागडे ५डब्ल्यू-३० प्रेमाने ओतले की प्रेशर पडणारच. शिवाय इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे सपाट टॅपेट आणि कॅम यांना तेलातले जस्त-फॉस्फरसाचे रसायन लागते, जे आजच्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत कमी केलेले आहे.

पुढे रिलीफ व्हॉल्व्ह. बी-सिरीजमध्ये तो ब्लॉकच्या मागच्या भागात घुमटासारख्या नटाखाली असतो : एक प्लंजर, त्यामागे स्प्रिंग. एमजीबीत तो ७० पौंडांना उघडतो. सीटवर कचरा अडकला किंवा प्लंजरला चर पडला की तो पूर्ण मिटत नाही आणि तेल पंपातून निघून परत चेंबरमध्ये जाते. प्लंजर काढून पुसणे, ग्राइंडिंग पेस्टने सीटवर हलके बसवणे, स्प्रिंगची लांबी मोजणे (मूळ लांबी ३ इंच), हे अर्ध्या तासाचे काम. याच जागी सगळ्यात जुनी चलाखीही होते : स्प्रिंगमागे वॉशर घालणे. गरम आयडलला व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, त्यामुळे तिथे वॉशरने तसूभरही फरक पडत नाही. थंड इंजिनात मात्र दाब नको तितका चढतो, फिल्टरचे रबर फुटते आणि पंप फिरवणाऱ्या गिअरवर ताण येतो. गाडी विकायच्या आदल्या दिवशी हा वॉशर पडतो, असे म्हटले तर फार अन्याय होणार नाही.

इतके करूनही काटा हलला नाही तर चेंबर उतरवावा लागतो. आधी तळाचा गाळ आणि पंपाची जाळी बघावी. पूर्वीच्या कोणी चेंबरच्या पॅकिंगला सिलिकॉन सढळ हाताने लावले असेल तर त्याचे तुकडे जाळीवर सापडतात. गॅस्केटला थोडे कमी सिलिकॉन लावले असते तर हे काम निघालेच नसते, असे प्रकार कमी नाहीत. पंपाचे मोजमाप फीलर गेजने होते : रोटरच्या टोकाची फट ५ थाउपेक्षा (इंचाचे हजारावे भाग) जास्त नको, बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यात १० थाउपेक्षा जास्त नको. मग बेअरिंगच्या कॅप. शेलवर (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पत्र्यावर) राखाडी थराखालून तांबूस रंग डोकावत असेल तर ते शेल संपले. बिगेंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) योग्य फट एक ते पावणेतीन थाउ, म्हणजे ०.०२५ ते ०.०६८ मिमी. प्लॅस्टिकचा मोजणी-धागा कॅपखाली दाबून किंवा मायक्रोमीटर आणि बोअर गेजने ती मोजतात. फट कमी करायला कॅप घासायची जुनी पद्धत अजून पुरती गेलेली नाही. कॅप घासली की भोक अंडाकृती होते, आणि मग तो कनेक्टिंग रॉड पुन्हा गोल करून आणायचे काम वाढते.

इथे बेळगावची जागा उपयोगी पडते. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले ते याच गावात, आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले तरी लोखंडाचे काम गावातून गेले नाही. उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या फाउंड्री आणि मशिन शॉपमधून इंजिनाचे कास्टिंग, क्रँक आणि हायड्रॉलिकचे भाग बाहेर जातात. क्रँक घासून १०, २०, ३० किंवा ४० थाउ अंडरसाइझ करून घेणे इथे रोजच्या धंद्याचा भाग. गाडीमालकाने एवढेच बघावे की शेल आधी हातात असावेत आणि मग क्रँक ग्राइंडिंगला द्यावा. उलट क्रमाने गेलेला माणूस ३० थाउचा क्रँक घेऊन ३० थाउचे शेल शोधत फिरतो. घासून आलेल्या क्रँकच्या तेलाच्या भोकांत बारीक कीस बसलेला असतो. ती भोके ब्रश आणि रॉकेलने धुऊन, हवा मारून दिल्याशिवाय नव्या बेअरिंगचे आयुष्य पहिल्या दहा मिनिटांतच संपते. ब्लॉक धुताना तेलगॅलरीची (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांची) तोंडे बंद करणारे प्लग काढले असतील तर ते परत बसले का हेही बघावे. कॅमचे बुश झिजले असतील तर वरची सगळी कामे करूनही प्रेशर अर्धेच राहते, कारण तेही याच तेलावर जगतात. आणि मागच्या मेन बेअरिंगमधून थेंब गळतात म्हणून प्रेशर पडले, ही जोडी चुकीची : तिथले थेंब या घराण्याचा स्वभावच आहे.

बांधलेले इंजिन लगेच स्टार्ट करत नाहीत. कोरडा पंप तेल ओढत नाही, म्हणून त्यात पेट्रोलियम जेली भरतात, फिल्टर तेलाने भरतात, स्पार्क प्लग काढून स्टार्टरने गेज हलेपर्यंत फिरवतात. पहिले तेल ८०० किमीच्या आसपास बदलावे आणि जुना फिल्टर कापून आत चमकणारे कण आहेत का ते पाहावे.

रस्त्यावरच्या परीक्षेसाठी सीमाभाग मुद्दाम रचल्यासारखा आहे. कोल्हापूरकडून येताना तवंदी आणि वंटमुरीच्या घाटांत वेग आणि चढ दोन्ही मिळतात. खरी कसोटी गोव्याकडच्या चोर्ला घाटात. गोव्यातल्या साखळी गावाकडून वर येताना दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ इंजिन कमी वेगात जोर लावते, तेल चांगलेच तापते, हवेचा मारा कमी असतो. घाट चढून खानापूर तालुक्याच्या हद्दीत आल्यावर गाडी बाजूला घेऊन आयडलला काटा कुठे थांबतो ते पाहावे. दहाच्या वर थांबला तर काम नीट झाले आहे. त्याखाली थरथरत असेल तर बेळगावला पोहोचल्यावर पुन्हा चेंबर.