कंटेनर बिल्ड जॉब

कंटेनर बिल्ड जॉब : कंटिन्युअस इंटिग्रेशनच्या, म्हणजे सीआयच्या (कोड बदलला की तो आपोआप बांधून तपासण्याच्या), पाइपलाइनमधले, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीतले, एक काम (जॉब). डॉकरफाइलवरून (बांधणीच्या सूचनांच्या फाइलवरून) कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे यांचे गाठोडे, बांधणे, तिला टॅग (ओळखीची चिठ्ठी) लावणे आणि ती रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, पुश करणे एवढे त्यात येते. २०१३ मध्ये डॉकर आल्यावर ही पद्धत रुजली. गिटलॅब आणि गिटहब ॲक्शन्स या दोन्ही सीआय सेवांत जॉबची मांडणी यॅमल फाइलमध्ये (की आणि तिचे मूल्य अशा ओळींच्या मजकूर फाइलमध्ये) करतात.

नाव : ‘बिल्ड’ एवढे लिहून बहुतेक जण पुढे सरकतात. पण पाइपलाइनचे इतर भाग या नावावरच अवलंबून असतात. गिटलॅबमध्ये यॅमलमधली की हेच जॉबचे नाव. ते २५५ अक्षरांपर्यंत चालते. सुरुवातीला टिंब दिले तर तो जॉब चालत नाही, केवळ इतरांना साचा म्हणून वापरता येतो. ‘इमेज’, ‘स्टेजेस’, ‘कॅश’ हे शब्द राखीव असल्याने कंटेनरच्या जॉबला सहज सुचणारे ‘इमेज’ हे नाव नेमके देता येत नाही. नाव बदलले आणि ‘नीड्स’मधला (आधी कोणते जॉब व्हायला हवेत या यादीतला) उल्लेख जुनाच राहिला, तर पाइपलाइन तयारच होत नाही. हे बरेच म्हणायचे, कारण चूक लगेच दिसते.

गिटहबवर तीच चूक मुकाट बसते. तिथे जॉबला आयडी आणि दर्शनी नाव असे दोन्ही असते. आयडीत रोमन अक्षरे, अंक, हायफन आणि अंडरस्कोरच चालतात. दर्शनी नाव मराठीत दिले तरी हरकत नसते. मात्र ब्रँचला (कोडच्या एका शाखेला) संरक्षण देताना ‘ही तपासणी पास झालीच पाहिजे’ अशी जी अट घालतात, ती दर्शनी नावाशी बांधलेली असते. नाव बदलले की पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल त्या ब्रँचमध्ये घेण्याची विनंती, जुन्या नावाच्या निकालाची वाट पाहत राहते, आणि लाल खूण कुठेच नसते. मॅट्रिक्स (एकच जॉब अनेक आवृत्त्यांवर चालवण्याची सोय) वापरल्यास आवृत्तीचा आकडा आपोआप नावाला जोडला जातो, म्हणजे पायथनची आवृत्ती वाढवली तरी तपासणीचे नाव बदलले. यावर उपाय म्हणून सगळ्या बिल्डनंतर स्थिर नावाचा एक जॉब ठेवतात आणि अट त्यालाच लावतात. त्यातही एक खोच आहे : वगळला गेलेला जॉब गिटहबच्या लेखी यशस्वी असतो. म्हणून हा शेवटचा जॉब काहीही झाले तरी चालेल असे लिहून आधीच्यांचे निकाल त्यात स्वतः तपासावे लागतात.

टॅग : टॅगमध्ये १२८ अक्षरे मावतात आणि तिरकी रेघ चालत नाही. त्यामुळे ‘फीचर/लॉगिन’ हे ब्रँचचे नाव तसेच्या तसे टॅग होऊ शकत नाही; गिटलॅब त्यासाठी साफ केलेले, ६३ बाइटांत बसवलेले रूप देतो. कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशवरून, म्हणजे त्याच्या ओळख-क्रमांकावरून, टॅग देणे सर्वांत भरवशाचे. ‘लेटेस्ट’ हा टॅग नावाप्रमाणे वागेलच असे नाही : दोन बिल्ड एकाच वेळी सुरू असतील तर ज्याचे पुश शेवटी झाले ती इमेज ‘लेटेस्ट’ ठरते, मग तिचा कमिट जुना का असेना. यॅमलमध्ये १.२० ही आवृत्ती अवतरणचिन्हांशिवाय लिहिली तर ती दशांश संख्या म्हणून वाचली जाते आणि हाती १.२ उरते.

मांडणी : रनर (जॉब प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) स्वतःच कंटेनरमध्ये चालत असेल तर आत डॉकर चालवण्यासाठी प्रिव्हिलेज्ड मोड, म्हणजे यजमान यंत्रावरचे जवळजवळ पूर्ण अधिकार, द्यावा लागतो, आणि सामायिक रनरवर तो देणे धोक्याचे. डॉकर १९.०३ पासून या व्यवस्थेत टीएलएस (जोडणीचे एन्क्रिप्शन) मुळातच चालू असते. २३७६ ऐवजी २३७५ या जुन्या पोर्टवर विसंबलेले जॉब त्या वेळी अडले. प्रिव्हिलेज्ड मोड टाळण्यासाठी गूगलचे कानिको हे इमेज बांधण्याचे साधन बरीच वर्षे वापरात होते, पण २०२५ मध्ये त्याची रेपॉझिटरी अर्काइव्ह झाली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उरली. नव्या कामासाठी बिल्डा किंवा रूटलेस (रूट अधिकारांशिवाय चालणारे) बिल्डकिट ही इमेज बांधण्याची साधने घ्यावीत. पासवर्ड बिल्ड-आर्ग्युमेंटमधून (बांधणीच्या वेळी दिलेल्या मूल्यातून) देऊ नये : तो इमेजच्या हिस्टरीत उरतो आणि इमेज पुल करणाऱ्या कोणालाही वाचता येतो. बिल्डकिटचे सीक्रेट माउंट, म्हणजे गुपित फक्त बांधणीपुरते दाखवण्याची सोय, वापरले की तो इमेजच्या थरांत उतरत नाही.