ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन

ध्वनिमुद्रिका सुरक्षित ठेवणारे आणि तिची ओळख करून देणारे आवरण. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आतली कागदी पिशवी आणि सोबतची पुस्तिका हे सगळे त्यात येते. तबकडी, कॅसेट, सीडी अशी साधने बदलत गेली तसे वेष्टनही बदलत गेले.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त संगीत मावत नसे. त्यामुळे मोठी रचना अनेक तबकड्यांत विभागून, पिशव्या शिवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत विकली जाई. या वह्यांवर बहुधा नुसते नाव छापलेले असे. अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीतील तरुण चित्रकार ॲलेक्स स्टाइनवाइस त्यांना थडगी म्हणे. १९४० साली रॉजर्स आणि हार्ट या अमेरिकी संगीतकार-गीतकार जोडीच्या गाण्यांच्या संचासाठी त्याने न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरच्या दर्शनी फलकावर संचाचे नाव दिव्यांनी झळकवून घेतले आणि त्याचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. सचित्र मुखपृष्ठाची प्रथा येथून रुजली. १९४८ मध्ये लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी, तबकडी आली. तिच्यासाठी आधी वापरलेल्या जाड घडीच्या कागदाचे वळ तबकडीवर उठत. स्टाइनवाइसने पातळ पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून नवे पाकीट तयार केले आणि पुढे जगभर तेच प्रमाण ठरले. त्याच्या चित्रांचे कौतुक पुष्कळ होते. पण हे साधे पाकीट हे त्याचे त्याहून मोठे काम म्हणावे लागेल.

सुमारे एक फूट लांबीरुंदीचा हा चौरस चित्रकारांना फार मानवला. ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्सने फ्रान्सिस वुल्फची छायाचित्रे धीटपणे कापून, एक-दोन रंगांत आणि ठसठशीत अक्षरांत शेकडो मुखपृष्ठे केली. १९७३ मध्ये हिप्नोसिस या ब्रिटिश संस्थेने पिंक फ्लॉइड या रॉक वाद्यवृंदाच्या एका संग्रहासाठी काळ्या पार्श्वभूमीवर फक्त काचेचा त्रिकोणी लोलक आणि प्रकाशाचे पट्टे ठेवले. पुढच्या बाजूला ना वादकांचे नाव होते, ना संग्रहाचे.

बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठाचा भारताशी थेट संबंध आहे. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या पुठ्ठ्याच्या आकृत्यांची गर्दी उभी केली. तिच्यात परमहंस योगानंद आणि लाहिरी महाशय हे भारतीय योगी आहेत. महात्मा गांधींची आकृतीही होती. पण भारतात लोक दुखावतील, या भीतीने बीटल्सच्या मुद्रिका काढणाऱ्या ईएमआय कंपनीचे प्रमुख जोसेफ लॉकवूड यांनी ती काढायला लावली. या मुद्रिकेच्या मलपृष्ठावर सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते; पॉप संगीतात हे तेव्हा नवे होते.

वेष्टन कधी कधी मुद्रिकेच्या जिवावरही उठते. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या १९७१ च्या 'स्टिकी फिंगर्स'वर जीन्सच्या चित्रात खरी चेन बसवली होती. गठ्ठे रचले की चेनचा धातू शेजारच्या तबकडीत रुते. मग माल पाठवण्यापूर्वी चेन अर्धी उघडून ठेवू लागले, म्हणजे दाब मधल्या कागदी लेबलावर पडे आणि ध्वनी कोरलेल्या खाचा वाचत.

भारतात चित्रपटसंगीताच्या वेष्टनांवर सिनेमाच्या जाहिरातीचेच चित्र बहुधा येई. शास्त्रीय संगीताच्या वेष्टनाचे खरे मोल मलपृष्ठात आहे: राग, ताल, तबल्यावर आणि हार्मोनियमवर कोण, शिवाय रागाविषयीचे टिपण, तेही बहुतेकदा इंग्रजीत. कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कार्डावर यातले थोडेच मावले, तेही बारीक टायपात. सीडीची पुस्तिका जेमतेम १२ सेंटिमीटरची. मजकुराला पाने मिळाली, चित्र मात्र आक्रसले. मोबाइलवर मुखपृष्ठ नखाएवढे उरले आणि मलपृष्ठ गेले. साथीदारांची नावे अनेकदा त्याबरोबरच गळतात, आणि हे नुकसान चित्र लहान होण्यापेक्षा गंभीर आहे. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री, नगांच्या हिशेबात, १९८७ नंतर प्रथमच सीडीपेक्षा जास्त झाली; या नव्या तबकड्यांबरोबर मोठे पाकीटही परतले आहे.