ग्लासच्या कडेला मीठ किंवा साखर कशी लावावी

आमचे रिम मीठ किंवा रिम साखर घेतल्याबद्दल आभार. डबीवर फार लिहिता येत नाही, म्हणून हा कागद सोबत दिला आहे.

घरी करताना बहुतेक वेळा ग्लासची कड ओली करून तो सरळ मिठात उपडा दाबला जातो. मग मीठ आतल्या बाजूलाही चिकटते, पेयात विरघळते आणि मार्गारिटा (टकिला या मेक्सिकन मद्याचे लिंबू घातलेले कॉकटेल) खारट होते. मीठ फक्त बाहेरून हवे. लिंबाची फोड कडेच्या बाहेरच्या अंगाने फिरवा. अर्धा सेंटीमीटर पट्टा ओला झाला की पुरे. बशीत मीठ पातळ पसरा, ग्लास तिरपा धरून ओली कड त्यावरून हळू फिरवा, मग ग्लास उपडा करून बुडावर टिचकी मारा. सुटे कण गळून पडतील. पाच-दहा मिनिटे वाळू द्या.

आमच्या मते मीठ अर्ध्याच कडेला लावावे. ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल, आणि रक्तदाबामुळे मीठ टाळणाऱ्या पाहुण्याला वेगळा ग्लास मागावा लागणार नाही.

नुसत्या पाण्याने लावलेले मीठ वाळताच झडते, म्हणून लिंबूच वापरा. साखरेला संत्र्याचा रसही चालतो. रोजचे बारीक मीठ मात्र नको, त्याचा दाट थर बसतो आणि पहिल्याच घोटाला तोंड खारट होते. खडे मीठ खलबत्त्यात जाड रव्याएवढे कुटले तर छान. बाजारातली दाणेदार साखर मिक्सरमध्ये एकदाच फिरवा. पिठीसाखरेचा रसात लगदा होतो.

कशाला काय लावायचे? साखरेची कड जुनी आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधले बारचालक जोसेफ सँतिनी यांच्या ब्रँडी क्रस्टा या कॉकटेलला ती असे आणि अमेरिकन बारटेंडर जेरी थॉमस यांनी १८६२ मध्ये त्याची कृती छापली. साइडकार या ब्रँडीच्या कॉकटेललाही साखरच. मिठाने मात्र कडवटपणा दबतो, म्हणून ग्रेपफ्रूटशी ते जमते. जिन किंवा व्होडका आणि ग्रेपफ्रूटचा रस म्हणजे ग्रेहाउंड. त्याच ग्लासला मिठाची कड दिली की तो सॉल्टी डॉग! मद्य नको असेल तर कैरीच्या पन्ह्याला पादेलोण आणि भाजलेल्या जिऱ्याची कड द्या. टकिलाबरोबर पादेलोण आम्हाला रुचत नाही, त्याचा वास सगळ्यावर चढतो.

पावसाळ्यात

आमच्याकडे सर्वाधिक तक्रारी जून ते सप्टेंबरमध्ये येतात: कड ओघळली, डबीत खडा झाला. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. साखर साधारण ८५ टक्क्यांपर्यंत तग धरते. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत त्या दिवसांत दोन्ही आकडे सहज ओलांडले जातात. म्हणून कड सकाळी करून ठेवू नका, पाहुणे यायच्या थोडी आधी करा. फ्रीजमधून काढलेल्या गार ग्लासवर दव धरते आणि मीठ त्यात वाहून जाते. तेव्हा आधी कोरड्या ग्लासला कड लावून ती वाळू द्या, मग ग्लास फ्रीजमध्ये ठेवा.

बशीत उरलेले मीठ डबीत परत टाकू नका. त्याला लिंबाचा ओलावा लागलेला असतो, दोन दिवसांत सगळी डबी दगड होते. ते सॅलडवर किंवा काकडीवर भुरभुरून संपवा. डबी घट्ट बंद करून गॅसपासून लांब ठेवा. तरीही खडा झालाच, तर मीठ ताटात पसरून उन्हात वाळवा आणि हाताने मोकळे करा. साखर मात्र उन्हात ठेवू नका, मुंग्या लागतील.