लॉगिनमधला लॉग म्हणजे खरोखरच लाकूड

आपण दिवसातून दहा वेळा कुठे ना कुठे लॉगिन करतो, सर्व्हर बंद पडला की कोणीतरी म्हणतंच "आधी लॉग बघ", पायलट प्रत्येक उड्डाणानंतर लॉगबुक भरतो, आणि या सगळ्यातला लॉग एकच आहे, तो म्हणजे दोरीला बांधून जहाजावरून समुद्रात टाकायचा लाकडाचा तुकडा. (गणितातला लॉग वेगळा बरं का, तो लॉगॅरिदमचा, ग्रीक शब्दांपासून आलेला, त्याचा या लाकडाशी काही संबंध नाही.)

मूळ अडचण वेगाची होती. जमिनीवर मैलाचे दगड असतात, भर समुद्रात चारी बाजूंना नुसतं पाणी, मग जहाज तासाला किती चाललंय ते कळणार कसं? आणि वेग कळल्याशिवाय आपण कुठे आहोत तेही कळत नाही, कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रेखांश मोजायची खात्रीची सोय समुद्रात नव्हतीच, तोपर्यंत दिशा, वेग आणि गेलेला वेळ यांचा हिशोब मांडून नकाशावर खूण करायची, एवढंच खलाशांच्या हातात होतं. यात चूक झाली तर रात्री जहाज थेट खडकावर.

सुरुवातीची युक्ती म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ लाकूड टाकायचं आणि ते मागच्या टोकाला यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग त्याला दोरी आली. 1574 मध्ये विल्यम बोर्न या इंग्रजाने नौकानयनावरच्या पुस्तकात या दोरीच्या पद्धतीचं वर्णन छापलं. पुढे ओंडक्याची पातळ फळी झाली, पोळीचा चतकोर असतो तशा आकाराची, गोल कडेला शिसं भरलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगते आणि जहाजाबरोबर ओढली न जाता जवळजवळ जागेवरच राहते. जहाज पुढे जातं आणि दोरी सुटत जाते. एक खलाशी दोरीचं रीळ डोक्याच्या वर धरून उभा, दुसऱ्याच्या हातात वाळूचं छोटं घड्याळ, तिसरा दोरी सोडतोय. पहिली थोडी दोरी मोजायची नाही, कारण जहाजामागचं पाणी ढवळलेलं असतं, त्याच्या पलीकडे फळी गेली की दोरीवरची चिंधी हाताला लागते आणि तिथे घड्याळ उलटं करायचं. वाळू संपली की दोरी पकडायची आणि किती गाठी हातातून गेल्या ते सांगायचं.

या गाठी म्हणजेच नॉट. वाळू 28 सेकंदांची आणि दोन गाठींमधलं अंतर 47 फूट 3 इंच. हे आकडे विचित्र वाटतात पण हिशोब सरळ आहे, सागरी मैल तेव्हा 6080 फुटांचा धरत, तो 3600 सेकंदांनी भागला आणि 28 ने गुणला की तेवढंच उत्तर येतं. म्हणजे सात गाठी गेल्या तर तासाला सात सागरी मैल, डोकं चालवायची गरजच नाही, गुणाकार आधीच दोरीत बांधून ठेवलाय! मला तर ही सगळ्या गोष्टीतली सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. (आणि म्हणूनच "ताशी दहा नॉट" म्हणू नये, नॉटमध्ये तास आलेलाच असतो. 1929 मध्ये सागरी मैल 1852 मीटरचा ठरला, तेव्हापासून एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.)

आता शब्द सरकला कसा ते बघा. मोजलेला वेग, दिशा, वारा हे सगळं खडूने एका फळ्यावर लिहायचे, तो लॉग-बोर्ड, मग ते वहीत उतरवायचे, ती लॉगबुक, आणि बोलताबोलता वहीलाच लॉग म्हणायला लागले. पुढे पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची यंत्रं आली, फळी गेली, पण वही राहिली. आणि त्या वह्या फार मोलाच्या निघाल्या. अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरीने जुन्या लॉगबुकांचा ढीग उपसून त्यातून वारे आणि प्रवाहांचे नकाशे बनवले, पहिला 1847 मध्ये आला, आणि 1853 ला ब्रुसेल्सच्या परिषदेत जमलेल्या देशांच्या जहाजांनी हवामानाच्या नोंदी एकाच पद्धतीने लिहायच्या असं ठरलं. आजही हवामानाचे अभ्यासक जुन्या काळाचा अंदाज घ्यायला त्याच वह्या उघडतात.

कम्प्युटर आले तेव्हा ते खोलीभर मोठे होते आणि त्यांच्याजवळही नोंदवही असायची. 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्डच्या मार्क टू मशीनच्या रिलेमध्ये (विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये) एक पतंग, म्हणजे उडणारा किडा, अडकलेला सापडला, तो चिकटपट्टीने लॉगबुकच्या पानावर लावून खाली नोंद केली, ते पान आजही जपून ठेवलंय. 1960 च्या दशकात एकाच मशीनवर अनेकजण काम करायला लागले, मग कोण कधी आलं याची नोंद मशीनच ठेवू लागलं आणि आत येण्याला लॉगिन हा शब्द पक्का झाला.

29 ऑक्टोबर 1969 ला लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या (एसआरआयच्या) कम्प्युटरला अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या कम्प्युटरांच्या जाळ्यावरून, पहिला संदेश पाठवायचा होता, तो शब्दही लॉगिनच, आणि "एल", "ओ" ही दोन अक्षरं गेली आणि पलीकडचं मशीन बंद पडलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला आणि जमलं. त्या रात्रीची नोंद यूसीएलएतल्या लॉगबुकमध्ये आहे, पानावर हाताने लिहिलंय, आधी वेळ 22:30, पुढे एसआरआयशी बोलणं झालं अशी एक ओळ, आणि शेजारी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं.